नाभीचा दिवा

‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम शिकवणाऱ्या मास्तरांनी आयुष्यात तीन गुरू केले आणि तिघांकडे जे जे दिसलं ते निमूट उचललं. दुसऱ्या गुरू एक बाई होत्या. त्या आपल्या बैठकीच्या खोलीत शिकवत, त्यामुळे मध्येच सोफ्याला वळसा घालावा लागे. तिसरे शिकवत गच्चीवर, वाळत टाकलेल्या चादरींमधून. आता मास्तरांचा स्वतःचा वर्ग चांगल्या ऐसपैस हॉलमध्ये भरे, तरी ते नसलेल्या सोफ्याला वळसा घालत आणि नसलेल्या दोरीखालून वाकून जात. पाठोपाठ अख्खा वर्ग वाके. मास्तर श्रद्धाळू, आणि विद्यार्थी त्यांच्यावर कडी करणारे.

त्यांचा खरा जीव मात्र पहिल्या गुरुजींच्या एका हालचालीवर. थोड्या थोड्या वेळाने डावा हात कंबरेशी न्यायचा, मूठ मिटायची आणि अलगद वर उचलायची. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘नाभीचा दिवा’. त्यांची बायको कपडे शिवायची. ती म्हणायची, हा दिवा मी कुठेतरी पाहिलाय. तुला यातलं काही कळत नाही, असं म्हणून मास्तर तिला गप्प करत.

मग हॉलच्या मॅनेजरबाईंनी खुसपट काढलं. कुणी खऱ्या गुरूने येऊन ‘हा माझा शिष्य’ असं सांगावं, नाहीतर हॉल नाचाच्या वर्गाला जाईल. सोफावाल्या बाई लेकाकडे लांब गेलेल्या, गच्चीवाले वारलेले. राहता राहिले पहिले गुरुजी, आणि त्यांना तर मास्तर न सांगताच सोडून गेले होते. तरी मास्तरांनी त्यांनाच निरोप धाडला.

गुरुजी आले. खूप थकले होते. मास्तर पाया पडले, तर त्यांनी विचारलं, “आपण कोण?”

मास्तरांनी परोपरीने ओळख दिली. गुरुजी नम्रपणे म्हणाले, शिष्य पुष्कळ झाले, चेहरा आठवत नाही, आणि खोटं तर बोलणार नाही. मॅनेजरबाई घड्याळ पाहू लागल्या.

“अहो, बोलत काय बसलाय?” बायको म्हणाली. “करून दाखवा.”

मास्तरांनी सुरुवात केली, मागे वर्ग. सोफ्याचा वळसा आला तशी गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. चादरींखालून सगळे वाकले तेव्हा त्यांनी सरळ मान हलवली. हे आपलं नव्हे. तेवढ्यात मास्तरांचा डावा हात कंबरेशी गेला. मागे सगळ्या वर्गाचे हात गेले. मुठी मिटल्या, वर उचलल्या गेल्या.

गुरुजी खुर्चीत ताठ झाले. “पुन्हा कर,” ते म्हणाले.

मास्तरांनी पुन्हा केलं. गुरुजी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“माझी पॅंट घसरायची रे. त्या वर्षी आमची ही वारली. इलॅस्टिक बदलायचं कसं, तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.” मग ते मॅनेजरबाईंकडे वळले. “बाकी सगळं कुणीही शिकवलं असेल. ही पॅंट माझी आहे. हा माझाच पोरगा.”

मास्तर लाजेने लालबुंद झाले, आणि त्यांना आनंदही मावेना. ‘दिवा कुठे पाहिलाय ते कळलं ना आता?’ अशा नजरेने बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिने पिशवीतून सुईदोरा आणि इलॅस्टिक काढलं. गुरुजींची पॅंट अजूनही ढगळच होती. मॅनेजरबाईंच्या शालीत गुंडाळून गुरुजींना ऑफिसात बसवलं आणि पॅंटला नवं इलॅस्टिक घातलं गेलं.

त्यानंतर गुरुजी स्वतः वर्गापुढे उभे राहिले. ती जागा आली. हात सवयीने कंबरेशी गेला, पण पॅंट घट्ट, वर ओढायला काहीच नव्हतं. क्षणभर हात तिथेच थांबला. गुरुजींनी मास्तरांकडे पाहिलं, मूठ मिटली आणि दिवा उजळला.