म्हशीच्या खोलीतली अंगणवाडी

नंदाबाईनं नाकाला पदर बांधला अन् अंगणवाडीच्या खोलीतून शेणाची आणखी एक पाटी बाहेर काढली. खोली लेकरांची, पण नांदत होती तिच्यात सरपंच काकासाहेबांची म्हैस. वास तर असा, की मंठ्याची एसटी गावाजवळ आली की आंधळा माणूसही ओळखायचा, गाव आलं म्हणून.

"जल्दी कर गं," काकासाहेब दारातून म्हणाले. "तपासणीच्या बाई येऊन राह्यल्या. तोंड उघडलंस तर दुसरी सेविका ठिवीन."

जाता जाता नंदाबाईनं पाटी तेवढी त्यांच्या पांढऱ्या धोतराला घासून नेली.

म्हैस मळ्यात धाडली, सारवण झालं, तक्ते टांगले, मोगऱ्याच्या उदबत्त्या लावल्या. आता शेण अन् मोगरा एकत्रच नाकात शिरायला लागले. लेकरं परक्या घरी आल्यासारखी अंग चोरून बसली.

तालुक्याच्या गिरिजाबाई आल्या. तक्ते बघून म्हणाल्या, "छान ठेवलीय खोली."

नंदाबाईचं तोंड कडू झालं. चांगला शेरा पडला की खोली म्हशीला कायमची.

पण काकासाहेबांना तेवढ्यावर राहवलं न्हाई. बाईंना शिस्त दाखवायची हुक्की आली. छाती फुगवून ओरडले, "पोरांहो, आपापल्या जाग्यावर बसा बराबर!"

लेकरं उठली. एकामागं एक दारातून बाहेर गेली अन् मागं नालीच्या काठाला रांगेत मांडी घालून बसली.

गिरिजाबाई मागोमाग आल्या. काळं पाणी बुडबुडत होतं. माशा इतक्या, की एकदम उडाल्या असत्या तर नालीच उचलून नेली असती.

"तिथं नका बसू," एक पोरगी म्हणाली. "तिथं म्हशीचं मूत येतंय. हिकडं सरका."

बाईंनी पदर तोंडाला लावला अन् पोरीनं दाखवलेल्या जाग्यावर बसल्या.

"सरपंच, या. लेकरांबरोबर जेवू."

"मी? माझं झालंय जेवण—"

"बसा."

नंदाबाईनं खिचडी वाढली. ताटात पडायच्या आधीच माशा बसल्या. शेजारचं लेकरू डाव्या हातानं माशा हाकत उजव्यानं मुकाट जेवत होतं. काकासाहेबांनी एक घास तोंडात घातला. तो गिळवेना, की थुंकवेना.

मंग त्यांनी करदोट्याला बांधलेली खोलीची किल्ली सोडली अन् नंदाबाईपुढं सरकवली.

तिनं ती कमरेला खोचली, अन् त्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढली.