लंकेतली भाकरी

कासुर्डीतल्या चार जोड्या लंकेला निघाल्या, तेव्हा हौसरावांनी आपल्या विधवा भावजयीला निरोप धाडला, "वैनी, तुम्हीबी चला. समुद्र बघा."

दगडाबाईला ते खरंच वाटेना. साठी उलटली, पण भीमेहून मोठं पाणी तिनं बघितलं नव्हतं. जात्यावर मात्र पोरपणापासून गात आलेली,

समिंदर राजा, तुझं पाणी किती बाई
माझ्या मायीच्या डोळ्याएवढं न्हाई

ते पाणी एकदा जिभेला लावायचं, एवढंच तिला हवं होतं. मायीच्या डोळ्यांसारखं खारट असतं का, ते बघायचं होतं. शेवंती खुडताना तिनं सगळ्या बायांना तसं सांगूनही टाकलं.

विमानतळावर तिच्या हातात दहा किलो बाजरीचं पीठ आलं, वर तवा आणि कढई. "तिथलं काय पोटात जायचं न्हाई," हौसराव म्हणाले. "तुमच्या हातची भाकरी म्हंजी कसं, घरच्यासारखं."

लंकेत रोज नवं काहीतरी असायचं. पहाटे डोंगर चढायचा, दुपारी चहाच्या मळ्यांतून सायकली, सांजेला देवळात ढोल आणि मुखवट्यांचा नाच. आठही जणं घामेजून, हसत परत यायची. दगडाबाई मुक्कामाच्या घराच्या मागच्या पडवीत भाकरी थापत असायची. तिथून नारळीची झाडं दिसायची, आणि त्यांच्यापलीकडं काहीतरी गरजायचं.

"रावण आला तर त्यालाबी थापा एक," जोड्यांतले सावळारामआप्पा ताटावर बसताना म्हणाले. "पर दहा तोंडं हायत वैनी, पीठ पुरंल का?"

सगळे हसले. तीही हसली.

तिसऱ्या दिवशी वाटाड्या निमल गाडीचं दार धरून थांबला. "अम्मा नहीं आएगी?"

"वो खाना बनानेवाली है," हौसराव म्हणाले. तेवढं हिंदी दगडाबाईला कळत होतं.

रात्री जेवण वाढताना तिनं विचारलं, "भावजी, समुद्र कवा?"

"शेवटच्या दिवशी नेतो की. पळून चाललाय व्हय तो?"

शेवटच्या दिवशी नेलंही. किनाऱ्यावर बसून गरम कांदाभजी खायची, ही हौसरावांच्या सुनेची, तेजश्रीची हौस. वारा एवढा की गॅस टिकेना. मग दगडाबाई समुद्राकडं पाठ करून, पदर पसरून वाऱ्याच्या आड बसली. एका हातानं पदर धरायचा, दुसऱ्यानं भजी सोडायची. पाठीला थंडगार तुषार लागत होते. मान वळवावी तर ज्योत विझायची.

भजी संपली. सगळे पाण्यात उतरून आले आणि फोटोला उभे राहिले.

"मोठ्या आई, सरका ना जरा," तेजश्री मोबाईल धरून ओरडली. "समुद्र झाकतोय तुमच्यामुळं."

दगडाबाई उठून गाडीच्या मागं गेली. फोटो झाल्यावर पुढं आली. पाणी चाळीस पावलांवर होतं.

"भावजी, मी जरा हात घालून येते पाण्यात."

"आता? वैनी, इमान थांबंल का तुमच्यासाठी? हात धुवायला गाडीत बाटली हाय. भांडी भरा आधी."

"एवढं पळत जाते आन् येते."

"ह्या वयात पळता व्हय? पडलात म्हंजी उचलायचं कुणी?" हौसराव गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

तिचा पुतण्या सत्यजीत तेवढ्यात कढई लाटेत खळबळून घेऊन आला, आणि तिच्या हातात देऊन गाडीत चढला. दगडाबाईनं कढईत बघितलं. तळाशी चमचाभर पाणी होतं. त्याच्यात तेलाचे दोन डोळे तरंगत होते आणि वाळूचे कण होते. तिनं बोट पुढं केलं.

"अगंबाई, ओलीच ठेवताय?" तेजश्रीनं कढई ओढून घेतली, पालथी करून झटकली, मग फडक्यानं आतून खसाखसा पुसली. "खारं पाणी हाय ते, मोठ्या आई. लोखंड खाऊन टाकतं."

दगडाबाई गाडीत बसल्यावर कोरडी कढई तिनं तिच्या मांडीवर ठेवली आणि दार लावून घेतलं.