डाव्या कानाची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी, लाल लोकरीची कानटोपी आहे. डाव्या बाजूला मी दुप्पट जाड आहे, म्हणून दिसायला वाकडी. पण ती विणणारीची चूक नाही, हे आधीच सांगून ठेवते.

लाखांदूरजवळच्या एका खेड्यात मला बायजाबाईंनी विणलं. त्यांचे मालक डोमाजी यांचा उजवा कान लहानपणीच गेला होता. सगळा संसार डाव्या कानावर चालला होता, म्हणून त्या बाजूला बायजाबाईंनी लोकरीचे दोन पदर घातले. बारा हिवाळे मी डोमाजींबरोबर धानाच्या राखणीला गेले. "डोमाजीच्या कानाले गळू झालं काय?" असं गाव हसायचं. डोमाजीही हसायचे, पण मला काढायचे नाहीत.

त्यांची लेक रुचिता शिकली आणि जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर नोकरीला लागली. मागच्या ऑक्टोबरात तिनं आईबाबांना तिकडे बोलावलं. धान कापणीला आलं होतं, त्यामुळे बायजाबाई मागे राहिल्या. त्यांनी लेकीला फोनवर बजावलं, "बाबाचा एकच कान हाये, बाई. टोपी उतरू देशील नोको."

"हो माय," रुचिता म्हणाली. बोलायला काय जातं?

ती बाबांना बेटाच्या अगदी उत्तर टोकाला घेऊन गेली. तिन्ही बाजूंनी समुद्र, झाड औषधालाही नाही, आणि वारा असा की माणसानं तिरपंच उभं राहावं. डोमाजींनी मला हनुवटीपर्यंत ओढलं. बापलेक खुशीत होते, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात रुचिताच्या ऑफिसातली माणसं तिथं भेटली. फोटो काढायचं ठरलं.

"बाबा, टोपी काढा न. लोकं पाहून राहिले."

"कान हाये न बाई..."

"दोनच मिनिटं लागतीन."

डोमाजींनी मला काढून खिशात कोंबलं. लेकीचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. गंमत बघा, तिथल्या प्रत्येकाचे कान झाकलेले होते. फक्त त्यांच्या टोप्या सरळ होत्या. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. एक फोटो, दुसरा फोटो, मग व्हिडिओ. मी खिशात पडून होते. मला हात असते, तर मी रुचिताच्या कानाखाली एक ठेवून दिली असती.

त्या रात्री डोमाजींना सर्दी झाली, कान ठणकू लागला. पोरीची रजा वाया जाईल म्हणून ते गप्प बसले. तसेच विमानात बसले आणि वाटेत कान फुटला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि उशीर झाला म्हणून मान हलवली.

आता दर रविवारी रुचिताचा फोन येतो. डोमाजी पडद्यावर तिचे हलणारे ओठ बघतात, थोडं हसतात आणि फोन बायजाबाईंकडे देतात. "काय म्हनते?" असं पूर्वी विचारायचे. आता तेही विचारत नाहीत. बायजाबाईंनी लेकीला अजून एक शब्द बोलून दाखवलेला नाही. मला मात्र राग गिळता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही म्हाताऱ्या वस्तू नेहमी सांगतो. मी तेवढंही मागत नाही. मला उद्या उंदरांनी कुरतडलं तरी चालेल. पण घरच्या माणसाची टोपी वाकडी दिसते म्हणून लाज वाटली, तर ती काढायला लावू नका. फोटोतून तुम्हीच बाजूला व्हा.