विकतची चटणी

शिवाजी पेठेतल्या त्या गल्लीत रविवारी सकाळी दहाच्या पुढं ज्या घरातून कांदा-खोबरं भाजल्याचा वास येत नाही, त्या घरात एकतर सुतक असतं नाहीतर काहीतरी बिनसलेलं असतं, अशी लोकांची पक्की समजूत आहे. म्हणून क्रांती दर रविवारी न चुकता कांदा-खोबरं भाजायची. तेही खिडकी सताड उघडून. मटण मात्र महिन्यातनं एकदाच यायचं. बाकीच्या रविवारी त्या वाटणात अंडी नाहीतर बटाटे पडायचे, आणि जेवण झाल्यावर तिचा नवरा बाळासो दारातल्या कट्ट्यावर बसून काडीनं दात कोरायचा. दातात अडकण्यासारखं काही नसायचंच. तरी दोन वर्षं त्यानं हे काम इमानेइतबारे केलं.

बाळासो शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला होता. बावीस वर्षं झाली होती. तिथं गाड्यांच्या इंजिनाचे भाग ओतले जायचे. आता विजेवरच्या गाड्या येणार, त्यांना इंजिनच नसणार, मग आपलं काय, असं एका साहेबाच्या तोंडून चहा पिताना निसटलं. बाळासोनं ते घरी येऊन सांगितलं आणि वर हसून, "त्याला अजून लई टाइम हाय," असंही म्हणाला. क्रांती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जाहीर करून टाकलं, "आजपास्नं नोकरी गेली असं समजून चालायचं."

आणि खरोखरच तसं चालू झालं. टीव्हीची डिश बंद झाली. अंघोळीचं पाणी गॅसवरून उतरलं आणि माळ्यावरचा जुना बंब खाली आला. त्याला सुताराकडचा भुसा फुकट मिळायचा. बाळासोची मोटरसायकल रविवारपुरती उरली, एरवी तो कंपनीच्या बसनं जायचा. मुलगी शिवानी बारावीला होती, तिचा क्लास सुटला आणि ती मैत्रिणीच्या वह्या आणून उतरवायला लागली. पोरीनं तक्रार केली नाही, पण आईशी बोलणं कमी केलं. लग्नाकार्याला एकानंच जायचं ठरलं, म्हणजे आहेर एकाचा आणि एसटीचं तिकीटही एकाचं. संकट यायच्या आधीच त्या घरानं दोन वर्षं संकटात काढली म्हणायची. नुसती काटकसर करून माणूस एवढा थकतो हे क्रांतीला आधी माहीत नव्हतं. ती संध्याकाळी नुसती भिंतीला टेकून बसायची आणि काय झालं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

पण नुसतं कमी खाऊन कुणाचं भागलं आहे? वरचा पैसा यायला हवा होता. तो आला चटणीतनं. क्रांतीचं माहेर नेसरीचं, आणि तिच्या आईच्या हातची कांदा-लसूण चटणी भाकरीवर नुसती तेल घालून घेतली तरी माणूस दोन भाकरी जास्त खायचा. ती चव क्रांतीच्या हातात उतरली होती. बाळासोच्या डब्यातली ती चटणी कंपनीत शेजारी जेवायला बसणाऱ्या भाऊसोनं बोटानं चाखली आणि म्हणाला, "मर्दा, एक किलो आण की मला. पैसं दीन." भाऊसो हातकणंगल्याचा. त्याच्या बायकोला, चिमणाबाईला, गुडघ्यांमुळं मिरची कुटायच्या डंकावर ताटकळणं व्हायचं नाही. मग पुढच्या महिन्यात केरबानं मागितली, मग रूम करून राहणाऱ्या पोरांनी, मग ज्यांच्या बायका स्वतः कामाला जातात त्यांनी. वर्षाच्या आत पगाराच्या दिवशी बाळासो दोन पोती घेऊन बसमध्ये चढायला लागला. ड्रायव्हरसुद्धा गिऱ्हाईक झाला.

आता कोल्हापुरात चटणी विकणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथं घरटी बाई एप्रिल-मेमध्ये मिरची निवडते, वाळवते, डंकावर नेऊन समोर उभी राहून कुटून आणते आणि वर्षाची बरणी भरते. विकतची चटणी आणणारी बाई आळशी, आणि विकणारीच्या घरात काहीतरी कमी पडलेलं, हे ठरलेलं. त्यामुळं बाळासोनं पहिल्याच दिवशी बजावलं, "गल्लीत एक पुडी जाता कामा न्हाय. लोक म्हणतील, बाळ्याचा पगार पुरंना."

क्रांतीलाही ते मान्य होतं. किंबहुना नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त मान्य होतं. गल्लीतल्या डंकावर एवढी मिरची नेली तर चार तोंडं विचारणार, म्हणून ती रिक्षा करून थेट कसबा बावड्याला जायची. कुणी पोती बघितलीच तर, "भावांची हाय, नेसरीला धाडायचीया," असं सांगायची. भाऊ तिला दोनच, पण त्या पोत्यांच्या मानानं गल्लीला ते दहा तरी वाटत असावेत. डंकाचा खकाणा नाकात जाऊन ती दिवसभर शिंकायची. लसूण सोलून बोटांची आग व्हायची, ती झोपेपर्यंत जायची नाही. पण आग होणाऱ्या त्या बोटांचंच तिला बरं वाटायचं. कंपनी बंद पडली तरी चटणी आहे, हे ती मनातल्या मनात इतक्या वेळा म्हणायची की तिचा त्यावर देवापेक्षा जास्त विश्वास बसला होता.

ह्या वर्षी तर तिनं धाडस केलं. एप्रिलमध्ये मिरचीचा भाव उतरलेला बघून साठवलेल्यातला निम्मा पैसा घातला आणि वर्षाचा माल एकदम भरला. ब्याडगी, लवंगी, सुकं खोबरं, धणे. शिवानीचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आलं आणि आतली खोली चटणीची झाली.

मे संपत आला होता. एका गुरुवारी बाळासो सकाळी अकरालाच घरी आला. चप्पल दारात काढली, आत येऊन खाली बसला आणि म्हणाला, "बंद झाली."

"किती जणांस्नी काढलं?"

"काढलं न्हाय कुणाला. कुलूपच लावलंय. गेटवर नोटीस हाय."

क्रांतीनं तांब्या भरून आणला. तिला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आतून थोडं हलकंच वाटलं. परीक्षेचा पेपर एकदाचा हातात पडतो तसं. दोन वर्षं जिची वाट बघत पोट मारलं ती वेळ आली होती आणि आपण तयार होतो. ती नवऱ्यासमोर बसली आणि समजुतीनं म्हणाली, "जाऊ दे. घोर करू नका. आपली चटणी हाय की. माल भरलेलाच हाय. आता तुमी पूर्ण येळ तेच बघा. दुप्पट करू."

बाळासोनं तांब्या खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "कुणाला विकायची गं?"

"कुणाला म्हंजे? घेत्यात तीच की. भाऊसो, केरबा, ते रूमवरलं समदं."

"ती समदी आता माझ्यासंगट गेटच्या भाईर हुबी व्हती," बाळासो म्हणाला. "भाऊसो तर खालीच बसला."

क्रांतीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिला पहिल्यांदा राग आला. नवऱ्याचा आला, भाऊसोचा आला, कुणी सांगितलं नाही म्हणून अख्ख्या जगाचा आला, आणि शेवटी सगळा येऊन तिच्या स्वतःवरच बसला. गॅस किती जळतो, साबणाची वडी किती दिवस पुरते, एवढं बारीक बारीक बघणारी आपण. आणि दोन्ही पैसे एकाच गेटातून येतात हे आपल्याला दोन वर्षांत एकदाही दिसलं नाही? त्या गेटाबाहेर एक तरी गिऱ्हाईक करायला काय झालं होतं? लाज झाली होती. दुसरं काही नाही. लाजेपायी गल्ली सोडली, आणि तीच लाज आता आतल्या खोलीत पोत्यांनी भरून ठेवली होती.

ती रागाच्या भरात म्हणाली, "गल्लीतच इकतो आता. काय म्हणायचं ते म्हणू देत."

पण मे संपत आला होता, गल्लीतल्या एकूण एक घरात वर्षाची चटणी भरून झाली होती. आता लाज सोडूनही उपयोग नव्हता.

पुढचे आठ-दहा दिवस बाळासो गोकुळ शिरगाव, कागल, शिरोली असा फौंड्र्यांची दारं पुजत फिरला. जिथं जाईल तिथं त्याच्या आधी पोचलेले दहा-बारा ओळखीचे चेहरे असायचे. घरी येऊन तो ते सांगायचा आणि झोपायचा. खोलीत चटणीचा वास इतका भरला होता की शिवानीचे डोळे कायम लाल दिसायचे. ती रडते की तिखटानं होतं, हे क्रांतीनं विचारलं नाही. उत्तर ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

शेवटी तिनं स्वतःच दोन पिशव्या भरल्या. राजारामपुरीच्या बाजूला नोकरदारांचे फ्लॅट आहेत, तिथल्या बायकांना डंकाला जायला वेळ नसतो, असं तिनं ऐकलं होतं. आणि तिथं ओळखणारं कुणी नव्हतं. लाज अजून पुरती गेली नव्हती. डोकीवरून पदर घेऊन ती केएमटीत बसली, राजारामपुरीच्या दोन स्टॉप पुढं उतरली आणि भर उन्हात पहिल्या इमारतीच्या फाटकापाशी आली.

वॉचमननं पिशव्यांकडं बघितलं. "चटणी काय?"

क्रांती दचकली. "व्हय. तुमाला कसं कळलं?"

"कळंल न्हाय तर काय. काल दोघी आलत्या. आज एक सकाळीच वर गेलीया. अवो, पापड आना, कुरड्या आना, समद्यांनीच चटणी काढली तर खायची कुनी?" मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्याचा आवाज खाली आला. "बसा जरा सावलीत. ती खाली आली की जावा तुमी."

ती बाकड्यावर बसली. पिशव्या पायापाशी ठेवल्या. थोड्या वेळानं जिन्यावरून एक बाई एकेका पायरीवर थांबत उतरली. तिच्याही दोन्ही हातांत पिशव्या होत्या, फुगलेल्या. क्रांतीनं बघितलं आणि तिचा हात आपोआप पिशव्यांच्या तोंडाकडं गेला. ती चिमणाबाई होती, भाऊसोची बायको. खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असायची तेव्हा घरच्यांनाही बोलवायचे, तिथं दोघींची भेट झालेली होती. तेव्हा चिमणाबाईनं तिच्या चटणीचं चारचौघींत तोंड भरून कौतुक केलं होतं.

चिमणाबाईनंही तिला ओळखलं. तिला वाटलं असावं तोंड फिरवून निघून जावं. पण गुडघे तसे नव्हते. ती येऊन बाकड्यावरच बसली.

"आमच्या गावात कशी इकू?" क्रांतीनं विचारायच्या आधीच ती बोलायला लागली. "म्हणून रेल्वेनं हितवर आलो. खोटं कशाला बोलू क्रांतीवैनी, तुमचीच चव धरून केलीया. ह्यो म्हणाला, बाळासोच्या बायकूला जमतंय तर तुला जमाय काय झालं. केरबाच्या घरात बी कुटाय लागल्यात. सगळ्यास्नी तेवढंच ठावं हाय."

क्रांतीनं चिडायला हवं होतं. आईची चव, दोन वर्षांच्या शिंका, बोटांची आग, सगळं आता चाळीस घरांत वाटलं गेलं होतं आणि चाळीस बाया ते पिशवीत घालून शहरभर फिरत होत्या. पण चिडायला अंगात काही उरलेलं असावं लागतं. ती म्हणाली, "बघू."

चिमणाबाईनं फुटकी पुडी शोधून चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवली. क्रांतीनं जिभेवर घेतली.

"खोबरं कमी भाजलंय अक्का. म्हयन्याभरात खवट हुईल. आनि लसूण हात सोडून घाला, तिथं वाचवू नका."

"बरं," चिमणाबाई म्हणाली. तिनं ते नीट लक्षात ठेवल्यासारखी मान हलवली. मग पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाली, "चार दिवस झालं, एक पुडी गेली न्हाय. घरात शिरलं की ह्यो तोंडाकडंच बघतोय. ईचारत न्हाय, नुसता बघतोय. आज काय सांगू?"

क्रांतीनं चिमणाबाईच्या पिशवीतली एक पुडी काढून आपल्या पिशवीत टाकली आणि आपल्यातली एक काढून तिच्या पिशवीत ठेवली.

"एक गेली म्हणून सांगा."

चिमणाबाईनं ती पुडी चाचपून बघितली. "आनि तुमी वो?"

"मी बी तसंच सांगतो," क्रांती म्हणाली.

वॉचमननं फाटक उघडून धरलं होतं. वर जायचं का, असं त्यानं क्रांतीला हातानंच विचारलं आणि तिनं नको म्हणून मान हलवली. दोघी उठल्या, पिशव्या उचलल्या आणि पलीकडच्या इमारतीकडं चालायला लागल्या. वजन मात्र दोघींचंही तेवढंच होतं.