मार्चची ऑर्डर

सुश्रुत बर्वे प्रयोगशाळांना सूक्ष्मदर्शक विकत असे. माणूस इतका हुशार, की स्वतःच्याच कंपनीला गंडवायचा आणि तेही नियमात बसवून. महिना पंचेचाळीस हजार पगार, बाकी सगळं कमिशन. सेक्टर ३९मधल्या संशोधन संस्थेची मोठी ऑर्डर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हाती आली, तेव्हा त्याने ती दहा दिवस बॅगेत झोपवून ठेवली आणि एप्रिलात नोंदवली. या धंद्यात सगळेच तसं करतात. मार्चमध्ये जास्त दाखवलं की साहेब पुढच्या वर्षाचं टार्गेट वाढवतो; एप्रिलात दाखवलं की नव्या वर्षाची बोहनी झोकात होते.

वडील, वामनराव, तेव्हा खूप हसले होते. केंद्र सरकारच्या लेखा खात्यात चौतीस वर्षं काढलेली. बदलीवर चंदीगडला आले ते इथलेच झाले. "आम्ही मार्चमध्ये नसलेला खर्च दाखवायचो, तुम्ही असलेली कमाई लपवता. देश चालायचा कसा?"

हसणंच तेवढं शाबूत होतं. गुडघे गेले होते. भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरून ते दिवाळीनंतर खाली उतरलेच नव्हते. म्हणून तर चंदीगडला लागून असलेल्या खरड गावातला तळमजल्याचा फ्लॅट बघून ठेवलेला: दोन खोल्या, पुढे चार पावलांचं अंगण. वामनरावांनी तो सुश्रुतच्या मोबाइलवरच पाहिला, बोटांनी मोठा करकरून, आणि बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता अंगणात कुठे लावायचा तेही ठरवून टाकलं.

जूनमध्ये सुश्रुत बँकेत गेला. वडिलांच्या गुडघ्यांसाठी तळमजलाच हवा, हे त्याने आधीच सांगून टाकलं. कर्जाच्या टेबलावरच्या गिल मॅडमनी त्याची दोन वर्षांची आयकर रिटर्न शेजारी शेजारी मांडली.

"सर जी, कमिशन का हम आधा ही पकड़ते हैं. और पिछला साल कम है, तो वही चलेगा. एवरेज नहीं."

"मॅडम, अप्रैल में आया है ना! ये देखिए, तीन लाख साठ हज़ार."

"वो तो नए साल का हुआ जी. अगले साल आइए, पक्का हो जाएगा."

बत्तीस लाख हवे होते, चोवीस मिळत होते. वामनरावांची पुंजी सुश्रुतच्या आईच्या आजारपणात गेलेली, आणि एप्रिलचं कमिशन किमतीतल्या स्वतःच्या हिश्शात आधीच धरलेलं. बिल्डरने मात्र मोठ्या मनाने तोडगा सुचवला: चोवीसमध्ये बसेल असा चौथा मजला. लिफ्ट 'येणार' होती.

घरी वामनराव दाराकडे तोंड करूनच बसले होते.

"किती कमी पडले?"

"आठ."

"आणि ती ऑर्डर मार्चमध्येच टाकली असतीस तर?"

तो हिशेब सुश्रुतने येताना प्रत्येक सिग्नलला केला होता. "बसलं असतं, बाबा."

वामनराव चष्मा पुसू लागले. "टार्गेट किती वाढलं असतं?"

"पंधरा टक्के."

"हं. तेवढं वाचवलंस म्हणजे."

हा टोमणा होता की समजूत, ते सुश्रुतला कळलं नाही.

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे," वामनराव मग म्हणाले. "कढीपत्त्याला घाई नाही."

फेब्रुवारीत चौघांनी मिळून वामनरावांना खाली आणलं. त्या एका खेपेला जिन्याचा त्यांना काही त्रास झाला नाही.

त्या मार्चला सुश्रुतने हातातल्या सगळ्या ऑर्डरी एकतीस तारखेच्या आत टाकल्या. साहेबाने पाठ थोपटली आणि टार्गेट वीस टक्क्यांनी वाढवलं. भाड्याची जागा सोडायचीच होती, तेव्हा जूनमध्ये तो पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसला.

गिल मॅडम खूश होत्या. "देखा सर जी, मैंने कहा था ना? अब तो पूरा मिलेगा." पेन सरसावून त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "ग्राउंड फ्लोर ही लिखूँ ना? पिताजी के लिए?"

सुश्रुतने खिशातून मोबाइल काढला, उगाच पाहिला, परत ठेवला.

"कोई भी लिख दीजिए," तो म्हणाला.