अण्णांच्या खोलीबाहेरची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, सुरांची. काही जण मला हार्मोनियम म्हणतात. वय पंचविशीचं. अंगाला सागवान, पोटात पितळेचे सूर, पाठीला भाता. भाता हलला की मी बोलते, थांबला की गप्प. पण मनातून गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. आतल्या आत काहीतरी चालूच असतं.

मला घडवणारा कारागीर एका कानाने कमी ऐकायचा. पितळेची एकेक पातळ जीभ कानशीने घासायची, फुंकून पाहायची, पुन्हा घासायची, असं त्याचं दीड महिना चाललं होतं. एकदा तो बायकोला म्हणाला, "हिची पणजी विलायतेहून जहाजातून आली. तिकडे खुर्चीवर बसून वाजवायचे, हवा पायाने भरायचे. आपल्या लोकांनी तिचे पाय काढले आणि तिला जमिनीवर बसवलं."

"सासरी आल्यावर बसावंच लागतं," बायको म्हणाली. दोघं हसले. मी मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहे. मी इथली की तिथली?

एक गाणं शिकवणाऱ्या बाई मला घ्यायला आल्या. भर गर्दीच्या बसमध्ये मला मांडीवर घेऊन त्या घरी पोचल्या आणि दारातच अडल्या. समोर त्यांचे वडील उभे होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मोठे गवई.

"हे खोकं माझ्या खोलीत यायचं नाही," अण्णा म्हणाले.

"का पण? मला मुलांना शिकवायला लागतं ना."

"दोन सुरांच्या मध्ये जे असतं, ते हिला ठाऊकच नाही. इथून तिथे उडी, तिथून पुढे उडी. गाणं म्हणजे काय बेडूक आहे?"

मग माझी जागा ठरली स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. तिथेच बाई मुलांना शिकवत. भिंतीपलीकडे अण्णा तंबोऱ्यावर गात. त्यांचा सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी असा सरकत जाई, की तो कधी निघाला आणि कधी पोचला, ते कळू नये. मी ऐकत राही आणि माझ्या पट्ट्या मोजत राही. प्रत्येक पट्टी वेगळी, प्रत्येक पट्टीला कुंपण.

शेजारी इतिहासाचे मास्तर राहत. रविवारी ते बुद्धिबळ खेळायला येत आणि डाव सोडून वाद घालत.

"अण्णा, मिरचीसुद्धा सातासमुद्रापलीकडून आली. उद्यापासून सोडता का?"

"मिरची खोटं बोलत नाही. झोंबायचं तिथे झोंबते."

"इतिहासात निव्वळ आपलं असं फार थोडं सापडतं हो. येतं ते राहतं, राहता राहता आपलं होतं."

"राहू दे की. स्वयंपाकघरात राहतेच आहे ती," अण्णा म्हणत आणि घोडा पुढे सरकवत.

अण्णांनी स्वतः बांधलेल्या साठेक चिजा, म्हणजे बंदिशी, होत्या. कागदावर एकही नव्हती. बाई मागत, तेव्हा ते म्हणत, "देईन. आधी गळा तयार होऊ दे." बाईंची चाळिशी उलटली, तरी तो गळा काही तयार झाला नाही. त्यांतल्या एका चिजेचे शब्द बाईंच्या आईचे होते. आई कविता करत. त्या गेल्यावर अण्णांनी त्या ओळींना चाल लावली आणि ती ते दार लावूनच गात. बाईंनी ती फक्त दाराबाहेरून, तुटक तुटक ऐकली होती.

एका सकाळी तंबोरा लावता लावता अण्णा कलंडले. पक्षाघात. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ज्या गळ्याने सभा जिंकल्या, त्यातून नुसती घरघर येऊ लागली.

तीन महिने गेले. एका दुपारी त्यांनी डावा हात उचलून स्वयंपाकघराकडे दाखवला. बाईंनी पाणी आणलं. नको. औषध आणलं. नको. अण्णा चिडून बोटं हवेत नाचवू लागले. बोटं पट्ट्यांवर चालावीत तशी चालली आहेत, हे बाईंना उमगलं. मग मला उचलून त्या खोलीत घेऊन आल्या.

मित्रांनो, वीस वर्षांनी मी त्या खोलीचा उंबरठा ओलांडला!

बाई भाता हलवत होत्या आणि अण्णांचं एक बोट माझ्या पट्ट्यांवरून चाचपडत चाललं होतं. चौथ्या सुराला बाईंना रडू फुटलं. आईच्या कवितेची चाल होती ती.

*दार उघडे ठेव, वारा पाहुणा येईल,*
*जाताना तो तुझे काही सोबत नेईल.*

रोज थोडं थोडं, असं ते अकरा दिवस चाललं. अण्णा दाखवत, बाई गाऊन पाहत, वहीत उतरवत. चुकलं की अण्णा गादीवर थाप मारत. 'पाहुणा'पाशी सगळं अडलं. अण्णांनी एक पांढरी पट्टी दाबली आणि मान हलवली. तिच्या लगतची, मध्ये काळी नसलेली पांढरी दाबली. तीही नाही. मग त्यांनी दोन्ही पट्ट्यांच्या फटीवर बोट रोवलं. माझ्या पोटात दोन सूर एकमेकांशी भांडू लागले. मी काय करू? त्यांना हवा तो सूर माझ्या अंगात नव्हताच. वीस वर्षांचं त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते असं सिद्ध व्हावं!

बाईंनी सात-आठ वेळा प्रयत्न केला. थापेवर थाप. शेवटी बाई वैतागल्या. "मग कसं, अण्णा? कसं?" असं म्हणत त्यांनी वही बाजूला फेकली, डोळे मिटले आणि सूर खालून वर नुसता सरकू दिला, पोचायच्या आत सोडून दिला.

थाप आली नाही. अण्णांनी हात पुढे केला आणि माझा भाता हलकेच मिटवला.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण फटीपर्यंत त्या दोघांना मीच आणून सोडलं होतं, हेही खरं.

अकराव्या दिवशी ती चीज पुरी झाली. लगेच अण्णांनी नव्या चिजेचे तीन सूर दाबले आणि दमून हात खाली टाकला. "उद्या करू," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले.

ते तीन सूर कशाचे होते? साठातली एक हाती लागली. बाकीच्या कुठे गेल्या? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

त्यानंतर बाईंनी मला उघडलं नाही. कपाटावर ठेवलं, वर जुन्या चादरींचं गाठोडं टाकलं. मुलांना शिकवायला मोबाइलमधला सूर पुरे होऊ लागला. माझ्या भात्याला चिरा पडल्या, दोन पट्ट्या फुगून बसल्या. चार वर्षं मी छताकडे पाहत होते.

एके दिवशी निवृत्त झालेले मास्तर आले. "बाई, ती चीज कुणाला शिकवलीत?"

"तुम्हाला काय कळतं हो गाण्यातलं?" बाई उसळल्या.

"काहीच नाही. म्हणून तर मागायला आलोय. मला शिकवा."

सत्तरीचे मास्तर आणि आवाज फाटक्या पत्र्यासारखा! बाई आधी रागावल्या, मग हसल्या, मग हसता हसता डोळे पुसू लागल्या. दुसऱ्याच दिवशी मला दुरुस्तीला नेलं. नवा भाता आला, आत साचलेली धूळ निघाली.

आता रोज संध्याकाळी मास्तर समोर बसतात. सात महिन्यांत दोन ओळी झाल्यात, त्याही वाकड्या. पण त्यांचं ऐकून त्यांची नात गुणगुणू लागली आहे, आणि तिचं ऐकून तिची मैत्रीण.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण वाद्याचा भाता नवा बसवता येतो, माणसाचा नाही. तुमच्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाशेजारी आज जाऊन बसा. आजोबा असोत, आत्या असो, शेजारच्या काकू असोत. त्यांच्याकडून एक गाणं मागा, एखादी कविता मागा, एखादी गोष्ट मागा. ते म्हणतील, "नंतर बघू." तुम्ही उठू नका. तुम्हाला ते नीट येणार नाही, चुकेल, लोक हसतील. हसू द्या. हट्ट धरा आणि मागत राहा.