सात नंबरची पलटण

"टिकली! परत टिकली!"

वहिनींचा हॉल माणसांनी ठासून भरला होता. मेजावर हिरव्या कापडाचा माळ आणि त्यावर शिशाचे बोटभर सैनिक. तळाला सात नंबर चिकटवलेल्या निळ्या पलटणीवर तिन्ही बाजूंनी घोडदळ तुटून पडलं, तरी पलटण ढिम्म. ती रंगवली होती वहिनींच्या यजमानांनी. त्यांनी हयातभर नकाशे काढले, पण सगळे त्यांना कर्नल म्हणायचे. कर्नल गेले, आणि तेव्हापासून निळी पलटण एकदाही हरली नव्हती.

या खेळात फासे नसतात. कुठल्या नंबरच्या पलटणीवर चाल केली ते कॉम्प्युटरला सांगायचं, मग कोण टिकलं, कोण पळालं ते कॉम्प्युटर सांगणार. स्क्रीन बघायचा तो फक्त चालवणाऱ्याने. म्हणजे कीबोर्डबुवांनी. हे नाव कर्नलांच्या जुन्या दोस्ताने, दाताच्या डॉक्टरने ठेवलेलं.

"कर्नल आलेत!" बुवा डोळे मिटून घुमले. "कॉम्प्युटरची पेटी तापलीय, हात लावून बघा!"

"पंख्यातली धूळ काढा, गार होतील कर्नल," डॉक्टर म्हणाला.

कोणी हसलं नाही.

"भावजी, थट्टा नको," वहिनी हळूच म्हणाल्या. "रविवारचं बुवांच्या तोंडून तेवढंच तर बोलतात ते माझ्याशी."

कर्नलकडून हरण्यात डॉक्टरचं अर्धं आयुष्य मजेत गेलं होतं. आता तो घरी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा आणि दोन्हीकडून कंटाळायचा.

"कर्नलांची इच्छा आहे," बुवा पुढे म्हणाले, "हा हॉल नि हे सैन्य माझ्या नावे व्हावं. पुढच्या रविवारी सही."

"ते म्हणतायत तर देते," वहिनी म्हणाल्या. "मला मागची खोली पुरे."

पुढच्या रविवारी डॉक्टर सगळ्यांच्या आधी हजर. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात त्याने दात कोरायच्या आकड्याने दोन पलटणींच्या तळाचे नंबर अलगद सोडवले आणि अदलाबदल करून चिकटवले.

खेळ सुरू झाला. नंबर वाचायचं काम डॉक्टरने मागून घेतलं.

"घोडदळाची चाल. सात नंबरवर!"

बुवांची नजर स्क्रीनवर. "सात नंबर अभेद्य! खुद्द कर्नल पुढे उभे आहेत!"

लोकांनी मेजाकडे पाहिलं. सात नंबरवर होती पावाची गाडी आणि दोन खेचरं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आता बारावर."

"बारा? पळाली खेचरं."

"खेचरं नाहीत बुवा. ती निळी पलटण."

डॉक्टरने स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला. सात नंबरपुढे हिंमत शंभर, बारापुढे पाच. हे आकडे खेळाआधी बुवांनीच भरलेले.

"कर्नलने या पोरांच्या मिशा एकेका केसाच्या ब्रशने काढल्यात," डॉक्टर म्हणाला. "तो असता तर आपली पलटण ओळखायला त्याला नंबर लागला असता?"

बुवांनी पिशवी उचलली. लोक खाली माना घालून पांगले. कागद बिनसहीचा राहिला.

"मग मी बोलत होते कोणाशी?" वहिनींनी विचारलं.

"मीही बोललो होतो, वहिनी. कोणाचं लक्ष नाही बघून 'कसा आहेस' विचारलं होतं त्या पेटीला."

"आता रविवारी काय करू?"

याचं उत्तर बुवांकडे असतं, म्हणून तर लोक बुवांकडे जातात.

गेलेलं माणूस परत बोलावं, असं कोणाला वाटत नाही? खुशाल वाटू द्या, रडा, आठवणी काढा. पण ते बोलतंय असं कोणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी उठा, पलीकडे जा आणि टाइप कोण करतंय ते बघा.